चढावर वाहणारी नदी

मित्रांनो, मी जुना आहे की नवा, हे माझे मलाच नक्की सांगता येत नाही. मी एक नकाशा आहे, एवढे मात्र खरे. माझ्यावर डोंगर आहेत, एक दलदल आहे, दोन पूल आहेत आणि एक नदी आहे, जिच्यापायी माझ्या जिवावर बेतले होते. त्या नदीला लोक हसतात. मी हसत नाही. मी मुळातच काळजीखोर आहे, आणि माझी हकिगत ऐकलीत तर त्यात माझा दोष नाही हे तुम्हालाही पटेल.

तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा कागदावर असतो. पुस्तक मिटले तरी तो आत असतोच. माझे तसे नव्हते. मी संगणकावरच्या एका खेळाचा नकाशा. माझा जन्म एका आकड्यातून झाला, चाळीस हजार सातशे अठरा. हा आकडा दिला की संगणक सोडत काढावी तशा चिठ्ठ्या काढायचा. पहिल्या चिठ्ठीत समुद्र किती, दुसरीत डोंगर कुठे, तिसरीत पाऊस कोणत्या बाजूने, असे करत हजारो चिठ्ठ्या निघायच्या आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मी तयार व्हायचो. अठ्ठेचाळीस घरे आडवी आणि अठ्ठेचाळीस उभी. आकडा तोच असला की चिठ्ठ्या त्याच क्रमाने निघत, म्हणून मीही तोच निघे. खेळ बंद झाला की मी नाहीसा व्हायचो. जपून ठेवलेले काय, तर माझा आकडा आणि खेळणाऱ्यांनी केलेल्या चाली. मी स्वतः कुठेच ठेवलेला नसे.

म्हणजे मला रोज नव्याने जन्मावे लागे. दर वेळी एकच शंका. आपण कालचेच आहोत ना? मी आधी नदी चाचपून बघायचो, मग पूल मोजायचो. दोन्ही पूल जागेवर सापडले की जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला घडवणारी ताई. एका इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत ती काम करायची. खालून दिवसभर वाफ वर येई आणि खिडकीची काच धुरकट होई. खोलीत दोन टेबले होती. एकावर ताई बसून खेळाचा सगळा हिशोबी भाग लिहायची. दुसऱ्यावर तिची मैत्रीण झाडे, दगड आणि माणसे काढायची. तिची बोटे कायम रंगलेली असायची, म्हणून सगळे तिला शाई म्हणत. माझ्या दलदलीवरचे हिरवे बुडबुडे शाईने काढलेले आहेत. ते मला अजिबात शोभत नाहीत, पण माझे कोण ऐकतो?

खेळ साधा होता. दोन टोळ्या, एक मनोरा. दोघांनी आळीपाळीने चाल करायची. घाई नाही, घड्याळ नाही. एकाने आपली चाल करून पाठवायची आणि दुसऱ्याने सवडीने उत्तर द्यायचे. सुरुवातीला सगळा नकाशा काळाकुट्ट असतो. टोळी जिथवर पोहोचेल तिथवर तो उजळतो आणि घराघराची उंची दिसू लागते. अंधारात कुठेतरी मनोरा असतो, आणि जो आधी जाऊन त्याच्यावर दिवा लावेल तो जिंकला. प्रत्येक आकड्यातून वेगळी जमीन निघते, त्यामुळे मनोरा कुठे आहे हे खुद्द ताईलाही ठाऊक नसे.

माझ्यावर दोघे जण खेळायचे. एक ताई, आणि दुसरे तिचे बाबा.

बाबा मोजणीदार होते. चाळीस वर्षे त्यांनी साखळी, झेंडे आणि दुर्बीण घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यांच्या मोजणीच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ असे, ‘स्वतः पाहिले’, आणि खाली सही. जे स्वतः पाहिले नाही ते वहीत चढवायचे नाही, हा त्यांचा नेम. साहेबाने सांगितले तरी नाही. अशा माणसाच्या मुलीने कायमची नोकरी सोडून नसलेल्या जमिनी बनवायला घेतल्या, तेव्हा घरात काय झाले असेल ते तुम्हीच ओळखा. भांडण मोठे झाले नाही. पण पुढे दीड वर्ष बाप-लेकीचे बोलणे ‘जेवलीस का’ आणि ‘औषध घेतलंत का’ यापलीकडे गेले नाही.

त्यातच बाबांची नजर उतरू लागली. उजवा डोळा दहा वर्षांपूर्वीच गेला होता, सगळी भिस्त डाव्यावर. आता डावाही अंधुक झाला. बाहेर पडणे बंद झाले. ते मुलाकडे आणि सुनेकडे राहत, ताईच्या खोलीपासून बसने अर्ध्या तासावर. ही सून म्हणजे ताईची वहिनी. बाबा दिवसभर खुर्चीत बसून राहतात हे तिला बघवेना. तिने एक दिवस ताईचा खेळ बाबांच्या संगणकावर घातला, अक्षरे मोठी केली आणि म्हणाली, बघा तरी तुमच्या लेकीने काय केलंय.

या खेळात जागांना नावे देता येतात. बाबांनी पहिले काम काय केले असेल, तर सगळ्या नकाशालाच नाव दिले, ‘खोटी जमीन’. मला फार लागले ते. मग त्यांनी आपल्या टोळीची पाच माणसे एक घर पुढे सरकवली आणि संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी आणखी एक चाल. तिसऱ्या दिवशी दोन वेळा उघडून पाहिले, ताईची चाल आली का म्हणून.

हळूहळू जागांना नावे पडू लागली. ‘छत्री विसरली ती टेकडी’. ‘कुत्रं मागे लागलं तो माळ’. ‘साहेब घसरले ती दलदल’. ताई इकडे खोलीत ती वाचून एकटीच हसायची. मग फोन करून विचारायची, कोणते साहेब? आणि बाबा सांगायचे. छत्रीची गोष्ट तर त्यांनी तीनदा सांगितली. तरुणपणी एका टेकडीवर दुर्बिणीवर धरायला नेलेली नवी कोरी छत्री ते तिथेच विसरले. परत आणायला जायचे म्हणता म्हणता बदली झाली आणि ती राहूनच गेली. चाळीस वर्षांत घरात कधी न काढलेल्या गोष्टी माझ्या टेकड्यांवरून निघत होत्या. दोघांचे बोलणे आता वीस-वीस मिनिटे चालायचे. पाच महिन्यांत बाबांच्या दीडशे चाली झाल्या. खेळात बाबा पुढे होते, ताई त्यांच्या मागे धडपडत होती, आणि मी, मित्रांनो, त्या काळात थोडासा निश्चिंत झालो होतो. तीच चूक झाली.

एक दिवस बाबांनी फोनवर सांगितले, “तुझी नदी चढावर जाते.”

ताईने आधी उडवून लावले. मग घराघराची उंची तपासली. बाबांचे खरे होते. माझी नदी दलदलीतून निघाली की टेकडीच्या खांद्यावर दोन घरे चढून जाते आणि मग पलीकडे उतरते. पाण्याला हे शोभत नाही, मला मान्य आहे. पण मी काय करणार? चिठ्ठीत जे निघाले ते मी अंगावर घेतले. बाबा दोन दिवस हसत होते. नदीला त्यांनी ‘हट्टी’ असे नाव ठेवले, आणि तिच्या काठाने जाताना ते आपल्या टोळीला मुद्दाम थांबवत.

पुढच्या महिन्यात खेळ लोकांसमोर यायचा होता. तोवर त्याच्या तीनच प्रती होत्या. ताईची, शाईची आणि बाबांची. अशी नदी लोकांच्या नकाशात निघाली तर हसे होईल, म्हणून ताईने ठरवले की नद्यांचा भाग नीट करायचा. आठवडाभर तिने तो नव्याने लिहून काढला. जुने, गुंतलेले सगळे काढून टाकले. खेळाच्या शेवटी नावांची यादी येते, तिथे तिने ‘मोजणी : बाबा’ अशी ओळही घातली. तिचा मनसुबा असा की नवी प्रत पाठवायची, बाबांना नदी टेकडीला वळसा घालून जाताना दिसेल आणि ते खूश होतील. बिचारीने प्रेमानेच केले सगळे.

दर शनिवारी ती पेन ड्राइव्हवरची जुनी प्रत पुसून तिथे नवी ठेवायची. शाई तिला नेहमी सांगे, जुन्या प्रती वेगळ्या ठेव गं. ताई म्हणे, जुनं ठेवलं की मन तिथंच अडकतं. त्या शनिवारीही तिने जुनी पुसली, नवी ठेवली. रविवारी सकाळी नवी प्रत तिन्ही संगणकांवर गेली.

मग तिने माझा आकडा घातला.

तुम्ही कधी रांगेत उभे राहिला आहात ना? मध्येच एक जण घुसला की मागच्या सगळ्यांचा नंबर सरकतो. तसेच झाले. नदीसाठी ताईने नव्याने काही चिठ्ठ्या काढायला लावल्या होत्या. तिला वाटले, फक्त नदी बदलेल. पण त्यामागच्या हजारो चिठ्ठ्यांचा क्रम सरकला. डोंगराला जंगलाची चिठ्ठी गेली, माळाला समुद्राची. पडद्यावर जी जमीन उगवली तिच्यात ताईची टोळी एका सुळक्याच्या टोकावर उभी होती. दोन्ही पूल कोरड्या वाळूत पडले होते. ‘छत्री विसरली ती टेकडी’ हे नाव समुद्रावर तरंगत होते, आणि बाबांची पाच माणसे त्याच समुद्रात उभी होती.

मित्रांनो, तो मी नव्हतो. माझा आकडा लावून दुसराच कोणी आला होता. त्या वेळी मी कुठे होतो ते पुढे सांगतो. हे मधले दिवस मला नंतर सगळ्यांच्या बोलण्यातून कळले, आणि कळले तेव्हाही माझे धाबे दणाणले.

ताईने आधी पेन ड्राइव्ह लावला. मग आठवले की काल काय केले. मग शाईला विचारले. शाईकडेही नवी प्रत गेली होती.  येत्या गुरुवारी बाबांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. डॉक्टरांनी कसलीही हमी दिली नव्हती. केले तर वाचेल कदाचित, नाही केले तर जाईल नक्की, एवढेच म्हणाले होते. बाबा आधीच कसेबसे तयार झाले होते, आणि त्यांच्या मनात होते की त्याआधी मनोरा गाठायचा. आठ-दहा चाली राहिल्या असाव्यात.

ताईने रविवार, सोमवार जुना भाग आठवून पुन्हा लिहायची खटपट केली. एकदा समुद्राचा आकार थोडा जुळला, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. पण पुढे डोंगर आलेच नाहीत. काढून टाकलेल्या ओळी कोणत्या क्रमाने होत्या ते काही केल्या आठवेना. तिला एकाच गोष्टीचा दिलासा होता. बाबांची चाल आली नव्हती. म्हणजे त्यांनी अजून उघडून पाहिले नसेल, त्यांना कळायच्या आत सगळे होते तसे करता येईल. फोन वाजला की ती दचकायची आणि बाबांचा नाही हे बघून पुन्हा कामाला लागायची.

मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

“ताई, बाबा ऑपरेशनला नको म्हणतायत. रविवारपासून धड जेवले नाहीत. आज कुठे बोलले. म्हणे, ओळखीची जागासुद्धा ओळखू येत नाही आता. डोळ्यात उरलंय काय, की कापायचं?”

बाबांनी खेळ रविवारीच उघडला होता. टेकडीच्या जागी त्यांना पाणी दिसले, आणि आपला डोळा गेला असे त्यांनी धरून घेतले. लेकीच्या हातून काही बिघडले असेल ही शंकासुद्धा त्यांना आली नाही. ताई तशीच निघाली. बस नेहमीच्या वेगाने जात होती आणि प्रत्येक थांब्यावर थांबत होती, आणि ताई मनातल्या मनात वाक्ये जुळवत होती.

बाबा बंद संगणकासमोर बसले होते. ताईने सगळे सांगितले. चिठ्ठ्या, रांग, शनिवारची प्रत. तुमचा डोळा ठीक आहे, चूक माझी आहे, असे तीन-चार वेळा सांगितले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले.

“माझं मन राखायला सांगतेस ना?” ते म्हणाले. “तसं असेल तर जुना नकाशा दाखव.”

ताईला दाखवता येईना. दाखवायला जुना नकाशा कुठेच नव्हता. ती तिथेच रडू लागली, आणि तिच्या रडण्याने बाबांची खात्रीच पटली की डोळा गेला, आणि पोरगी आपल्याला फसवून ऑपरेशनला नेते आहे. वहिनी दारात उभी होती. 

मग बाबा उठले. भिंतीच्या आधाराने कपाटापाशी गेले आणि चाचपडत एक वही काढली. मोजणीची वही, लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची. ती त्यांनी ताईपुढे टाकली.

“ही फेकून दे. पाच महिने मी यात चुकीचंच लिहीत आलो. रविवारी ताडून पाहिलं. एकही घर जुळत नाही.”

ताईने वही उघडली. मित्रांनो, आता सांगतो मी कुठे होतो. मी तिथे होतो. पेन्सिलीने काढलेला, चौकोन चौकोन पाडून, घराघरात उंची लिहून. खोट्या जमिनीची मोजणी करतो हे कोणाला कळले तर हसतील, म्हणून बाबांनी ती वही लपवून ठेवली होती. रोजची चाल झाली की जेवढे उजळले तेवढे ते त्या दिवशी वहीत उतरवायचे. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘स्वतः पाहिले’ आणि सही. पुढच्या पुढच्या पानांवर सही वाकडी होत गेली होती. हट्टी नदी टेकडीवर दोन घरे चढली होती, आणि तिथे समासात लिहिले होते, ‘लेकीला सांगणे’.

ताईने मला लगेच ओळखले. पण बाबांना ते पटवायचे कसे? त्यांना वाटत होते, वही अंदाजाने भरली गेली. तेवढ्यात ताईला सुचले. नकाशा गेला होता, पण चाली होत्या. बाबांच्या पहिल्यापासून दीडशेही चाली संगणकात जशाच्या तशा होत्या.

बाबांनीच तिला लहानपणी सांगितले होते, की मोजणी बरोबर आहे का हे कसे बघायचे. मोजलेल्या वाटेने कागदावर पुन्हा चालायचे. शेवट हद्दीच्या योग्य दगडाशी आला तर मोजणी बरोबर. ताईने बाबांचे बोट धरून वहीच्या पहिल्या पानावर सुरुवातीच्या घरावर ठेवले आणि एकेक चाल वाचू लागली. वर एक. उजवीकडे दोन. बाबा ऐकत आणि बोट सरकवत. दुसऱ्या हातात त्यांनी भिंग धरले होते. सुरुवातीला ते उपकार केल्यासारखे करत होते. विसाव्या चालीला ते पुढे वाकले. वही चुकीची असती तर टोळी कधी ना कधी पाण्यात गेली असती, कड्यावरून पडली असती. ती कुठेच पडेना. दलदलीला वळसा घालून गेली. एकसष्टाव्या चालीला नदी आडवी आली, आणि ताईने वाचले, उजवीकडे दोन. दोन घरांचा पूल वहीत नेमका तिथे होता.

वहिनीने चहा आणला तो निवून गेला. शंभर झाल्या, सव्वाशे झाल्या. दीडशेव्या चालीला बाबांचे बोट जिथे थांबले तिथे पेन्सिलीची शेवटची रेघ होती. त्यापुढे कोरा कागद.

बाबांनी भिंग खाली ठेवले.

“म्हणजे डोळा बरोबर होता,” ते म्हणाले.

नंतर ताईने नव्या नकाशावर त्याच चाली चालवून दाखवल्या, तर टोळी तिसऱ्याच चालीला समुद्रात गेली. बाबांनी वहिनीला हाक मारून सांगितले, डॉक्टरांना कळव, गुरुवारी येतोय म्हणावं. आणि मग ताईकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिच्या कामाबद्दल खराखुरा प्रश्न विचारला. ही रांग नेमकी मोडली कुठे, ते त्यांना समजून घ्यायचे होते. ताईने कागदावर काढून दाखवले.

बुधवारचा सगळा दिवस दोघे शेजारी शेजारी बसले. बाबा वाचत, ताई संगणकात घालत. एकोणीसशे अकरा घरे. चिठ्ठी नाही, सोडत नाही, एकेक घर हाताने. आकड्यातून निघालेल्या मला आता एक-एक घर करून जपून ठेवले जात होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र सारखे वाटत होते की बाबा एखादी ओळ गाळतील. एकदा त्यांनी गाळलीही. ताईच्या लक्षात आले म्हणून निभावले, नाहीतर माझा एक पूल गेला होता.

नदीपाशी आल्यावर ताईने विचारले, आता सरळ करू का? बाबा नको म्हणाले. आहे तसंच लिहायचं असतं.

शेवटी ईशान्येचा कोपरा राहिला. तीनशे त्र्याण्णव घरे. तिथवर टोळी कधी पोहोचलीच नव्हती, म्हणून वहीत तो कोरा होता. मनोरा त्याच कोपऱ्यात होता. बाकी सगळीकडे शोधून झाले होते. तिथे खरे काय होते ते आता कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नाही. माझ्यातला तेवढा भाग कायमचा गेला, आणि तो कसा होता हे आठवायला गेलो की मला काहीच आठवत नाही. त्याची भीती मला अजून वाटते.

ताई म्हणाली, तेवढा कोपरा संगणकाकडून भरून घेते. बाबांनी मान हलवली. जो नेम त्यांनी साहेबाच्या सांगण्यावरूनही मोडला नव्हता, तो संगणकाच्या सोडतीसाठी कसा मोडतील? मला वाटले, आता कोपरा कोराच राहणार आणि खेळ इथेच संपणार.

“तू घाल,” बाबा म्हणाले. “हाताने घाल. काय घातलंस ते मला सांगू नकोस. डोळा उघडला की मी बघायला येतो.”

गुरुवारी ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी बसली. ताई खोलीत परत आली आणि त्या कोपऱ्याला लागली. एकेका घरापाशी ती अडून बसायची. शाईही मदतीला आली. मला कसेसेच होत होते. जुन्या कपड्याला नव्या कापडाची बाही लावावी, तसे काहीसे. शिवाय मुख्य धास्ती होतीच. इतके करून बघणाऱ्याला दिसलेच नाही तर? पट्टी निघाली तेव्हा वहिनीने कळवले की उजेड कळतो, पण अजून काही सांगता येत नाही. खेळात पाळी बाबांची होती. ताई रोज सकाळी मला उघडायची, पाळी बाबांचीच असायची, आणि ती मला बंद करायची. असे बारा दिवस गेले. ते बारा दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत.

तेराव्या दिवशी चाल आली. एक घर, वर. कोपऱ्यातला काळा भाग थोडासा उजळला. समोर एक बुटकी टेकडी होती, आणि टेकडीच्या माथ्यावर, शाईने काढलेली, काळी, जमिनीत टोक रोवून उभी केलेली एक छत्री. नवी कोरी.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताईने दोनदा वहिनीला फोन लावला आणि काही न विचारताच ठेवला. बाबांना आवडले नसेल का, की दिसलेच नसेल?

मित्रांनो, आता मी रोज जन्मत नाही. माझे प्रत्येक घर लिहून ठेवलेले आहे, आणि ताई दर शनिवारी नवी प्रत जुनीच्या शेजारी ठेवते, तिच्या जागी नाही. तरी सवय जात नाही. उघडलो की मी आधी नदी चाचपतो, मग पूल मोजतो. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. जुने काही पुसायला घ्याल तेव्हा क्षणभर थांबा, आणि तिथे कोणी उभे आहे का ते बघा. आपल्याला वाटते, एक नदी सरळ करतो आहोत. त्याच काठावर कोणाची पाच माणसे उभी असतात.

तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः बसने आली आणि ताईच्या टेबलावर वही ठेवून गेली. ताईने शेवटचे पान उघडले. ईशान्येचा कोपरा तिथे सुरू झाला होता. दिसलेली नऊच घरे, चौकोन वाकडे, आकडे मोठे मोठे. टेकडीवर छत्री काढली होती, आणि तिचा दांडा जरा जास्तच लांब झाला होता. तळाशी, ओळ खाली घसरलेली, पण प्रत्येक अक्षर वाचता येत होते. स्वतः पाहिले. आणि सही.